शब्दार्थाच्या रकान्यात न मावणारी माणसे

शब्दार्थ सांगितले की धडा संपला, ही आपल्या शाळांतील रूढ समजूत आहे. 'खाण : खनिजे काढण्याची जागा.' 'रूळ : आगगाडी ज्यावरून धावते तो लोखंडी मार्ग.' अर्थ चुकीचे नाहीत. पण दोन्ही वाक्यांत माणूस कुठे आहे? खनिज जणू आपोआप निघते, गाडी आपोआप धावते.

चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यात मी मराठी शिकवतो. वर्गात खाणीतल्या लोडरची मुले असतात, रेल्वेतल्या गँगमनचीही असतात. मुलगा 'खदान' म्हणतो. तो शब्द अशुद्ध ठरवून खोडला जातो. टब, इन्क्लाइन, कॅप लॅम्प हे शब्द त्याच्या घरात वावरतात, पाठ्यपुस्तकात नाहीत. उन्हाने रूळ वाढतो म्हणून फिशप्लेटच्या सांध्यात फट ठेवतात, हे गँगमनच्या मुलीला विज्ञानाच्या तासाआधीच ठाऊक असते. ही ज्ञानाची भाषा आहे. प्रमाण मराठीचा अहंकार तिला दाराबाहेर उभी करतो आणि वर, या मुलांचा शब्दसंग्रह तोकडा, अशी तक्रारही करतो!

वाक्प्रचार घ्या. मराठीत 'हिरवा कंदील' मंत्री दाखवतो, साहेब दाखवतो. रात्रभर तो हातात धरून उभा असणारा दिसत नाही. 'संसार रुळावर आला' हे डब्यात बसलेल्याचे मराठी आहे, रूळ सरळ करणाऱ्याचे नव्हे. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण शिकवताना, ज्याचा बाप कोळशाने माखून घरी येतो त्या मुलाकडे वर्ग कसा पाहतो, हे शिक्षकांनी एकदा न्याहाळावे.

प्रश्न केवळ वर्गाचा नाही, जातीचाही आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की अस्पृश्य माणूस गँगमन होतो, पण त्याला पोर्टर म्हणूनही घेत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात. कोशात पोर्टर म्हणजे हमाल. रेल्वेच्या व्यवहारात त्याचा अर्थ होता स्पृश्य हमाल. हा अर्थ कोणत्या शब्दकोशात सापडणार?

'खाणकामगार' शब्दही तपासावा. तो उच्चारताच आपल्यापुढे पुरुष उभा राहतो. डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणींत गेले. त्याच वर्षी, युद्धासाठी कोळसा हवा म्हणून, स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी उठवली गेली होती. ती १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. बंदी उठवणारे खाते बाबासाहेबांचेच होते. हे आपल्याला अवघड वाटते म्हणून वगळू नये. मुलांना सांगावे आणि त्यांना वाद घालू द्यावा.

मी फळ्यावर तिसरा रकाना आखतो : 'हे कोण करते?' तो मुलांनी घरून विचारून भरायचा. गेल्या काही वर्षांत पुष्कळ शब्द आले, काही तर मलाही नवे होते. चासनाला हे नाव मात्र कोणी आणले नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या त्या खाणीत पाणी घुसून ३७० हून अधिक कामगार मेले. ते नाव मीच लिहिले, 'पाणी' या शब्दासमोर.