कामाचे गद्य आणि त्यातील ‘आम्ही’

एखाद्या व्यवसायसंस्थेने स्वतःच्या दैनंदिन कामाविषयी लिहिलेले गद्य वाङ्मयविचाराच्या कक्षेत येत नाही, असे सामान्यतः मानले जाते. जाहिरात, परिपत्रक आणि वार्षिक अहवाल यांपुरता हा समज बहुतांशी रास्तही आहे. तथापि एखादी संस्था आपल्या कामाची हकीकत पुस्तकामागून पुस्तकात मांडीत असेल आणि त्या लेखनाला स्वतःची अशी शैली लाभली असेल, तर त्याची चिकित्सा टाळणे उचित ठरणार नाही.

शिकागो येथील ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ ही अशी संस्था होय. १९९९ मध्ये ती संकेतस्थळांचे आरेखन करून देणारी छोटी संस्था म्हणून स्थापन झाली. ग्राहकांची कामे हाताळताना निरोप, कामांच्या याद्या आणि मुदती यांचा मेळ राहावा म्हणून तिने स्वतःपुरते एक साधन तयार केले. तेच २००४ मध्ये ‘बेसकॅम्प’ या नावाने विक्रीस आले. त्याची संगणकीय बांधणी डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी केली, आणि तिच्यातून वेगळी काढलेली ‘रुबी ऑन रेल्स’ ही चौकट त्याच वर्षी सर्वांस विनामूल्य खुली झाली. २०१४ मध्ये कंपनीने ‘बेसकॅम्प’ हेच नाव धारण केले व २०२२ मध्ये ती मूळ नावाकडे परतली. या इतिहासातील एक गोष्ट वाङ्मयदृष्ट्या महत्त्वाची आहे. येथे कामाचे साधन, विक्रीचा माल आणि लेखनाचा विषय ही तिन्ही एकच आहेत. कुंभाराने मडके विकावे आणि मडके घडविल्याची हकीकतही विकावी, तसा हा प्रकार आहे.

‘गेटिंग रिअल’ (२००६) हे पुस्तक कंपनीच्याच नावावर प्रसिद्ध झाले. ‘रिवर्क’ (२०१०), ‘रिमोट’ (२०१३) आणि ‘इट डझन्ट हॅव टू बी क्रेझी अ‍ॅट वर्क’ (२०१८) ही पुढील तीन पुस्तके जेसन फ्राइड व हॅन्सन या दोघांच्या नावावर आहेत. या लेखनाचे गुण निर्विवाद आहेत. प्रकरणे अतिशय लहान, वाक्ये आटोपशीर, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेचा फुगवटा जवळजवळ नाही. बैठकांचा अतिरेक, दूरच्या योजनांवरील अंधविश्वास, रात्री जागून काम करण्याचे स्तोम यांवर लेखकद्वय नेमका प्रहार करते. ‘रिवर्क’मध्ये लाकूडधंद्याचा दाखला आहे. एकेकाळी टाकाऊ असलेला भुसा त्या धंद्याने विकावयास काढला. त्याप्रमाणे कामातून सहज निपजणारे ज्ञानही विकता येते, आणि ‘गेटिंग रिअल’ हे तसेच उपउत्पादन होते, असे लेखक मोकळेपणाने सांगतात. हा मोकळेपणा हेच या गद्याचे खरे आकर्षण होय.

परंतु याच ठिकाणी चिकित्सेस आरंभ होतो. काम जर मालही असेल आणि कथाही, तर ती कथा कोणाच्या तोंडून सांगितली जाते? या पुस्तकांचे प्रमुख सर्वनाम ‘वी’ हे आहे. इंग्रजीत हे सर्वनाम ऐकणाऱ्यास आत घेते की बाहेर ठेवते, याचा उलगडा रूपावरून होत नाही. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन भिन्न शब्द आहेत, आणि अनुवादकास प्रत्येक वाक्यात त्यांपैकी एकाची निवड करावीच लागते. या कसोटीवर पाहू जाता ‘वी’चे किमान तीन अर्थ आढळतात. कधी ते लेखक व वाचक मिळून ‘आपण’ असते. कधी बाहेरच्या जगासमोर उभी असलेली सबंध कंपनी म्हणून ‘आम्ही’. आणि कधी केवळ दोघे मालक, म्हणजे निर्णय घेणारे ‘आम्ही’. एकाच प्रकरणात या तीन अर्थांमधून सहज संचार होतो. लेखनाचा ओघ बव्हंशी या संचारावर अवलंबून आहे; आणि कोणत्या निर्णयास कोणाची संमती होती, हा प्रश्नही त्यामुळेच वाचकाच्या मनात उद्भवत नाही.

रायन सिंगर यांचे ‘शेप अप’ (२०१९) हे पुस्तक या बाबतीत वेगळे पडते. कंपनीच्या कामाची रीत त्यात तपशिलाने दिली आहे. काम सहा आठवड्यांच्या आवर्तनात बांधलेले असते आणि त्यानंतर दोन आठवडे उसंत असते. प्रत्येक प्रस्ताव आधी लेखी मांडला जातो. मुदतीत न संपलेल्या कामास आपोआप मुदतवाढ मिळत नाही. पुढील आवर्तनात काय करावयाचे, हे ठरविणाऱ्या बैठकीस जुगारातील डावाचे रूपक योजून सिंगर त्या मेजाभोवती कोण बसते तेही नोंदवितात : मुख्य अधिकारी, तंत्रप्रमुख, एक ज्येष्ठ प्रोग्रामर आणि उत्पादनाचे धोरण पाहणारे स्वतः लेखक. मेजाभोवती चौघे, आणि अखेरचा शब्द मुख्य अधिकाऱ्याचा. या एका तपशिलाने ‘वी’ला चेहरे लाभतात. म्हणून शैलीच्या चमकेत ‘रिवर्क’हून उणे असूनही, कामाचे गद्य या नात्याने ‘शेप अप’ अधिक प्रामाणिक ठरते.

या भेदाचे मोल २०२१ मध्ये स्पष्ट झाले. ग्राहकांच्या चमत्कारिक वाटणाऱ्या नावांची एक यादी कंपनीत अनेक वर्षे ठेवली गेली होती. तिच्यावरून कर्मचाऱ्यांत आत्मपरीक्षणाची चर्चा सुरू झाली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मालकांनी जाहीर केले की कामाच्या जागी, म्हणजे कंपनीच्या बेसकॅम्प खात्यावर, सामाजिक व राजकीय चर्चा होणार नाही. समित्याही बरखास्त झाल्या. ज्यांना जावयाचे असेल त्यांना सहा महिन्यांपर्यंतचे वेतन देऊ करण्यात आले, आणि सुमारे साठ कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश निघून गेले. लक्षणीय गोष्ट अशी की घोषणेची भाषा नेहमीचीच होती : सुटसुटीत, क्रमवार, निःसंदिग्ध. शैलीला तडा गेला नाही; तडा गेला तो सर्वनामाला. या घोषणेचा अनुवाद ‘आपण’ वापरून करताच येणार नाही. सहकार्याचे साधन विकणाऱ्या संस्थेत त्याच साधनावर कोणी काय बोलावे, हे ठरविणारे ‘आम्ही’ कोण, ते प्रथमच उघड झाले.

यावर असा आक्षेप संभवतो की मालकास धोरण ठरविण्याचा अधिकार असतो आणि लेखकाचा ‘आम्ही’ हा केवळ संकेत आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी संपादकही स्वतःस ‘आम्ही’ म्हणवीत असत. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करण्यास प्रत्यवाय नाही. अधिकार असणे हा दोष नव्हे; शिवाय २०१८ च्या पुस्तकात कंपनी म्हणजे कुटुंब नव्हे, असे लेखकांनी स्वतःच बजावले होते. परंतु उत्तरार्ध टिकत नाही. संपादकाचा ‘आम्ही’ एकट्याचे मत अनेकवचनात मांडतो. त्यामागे दुसऱ्यांचे श्रम नसतात. कंपनीच्या ‘आम्ही’मागे आरेखक असतो, प्रोग्रामर असतो, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणारा कर्मचारी असतो. त्यांचे काम कथेत येते, पण त्यांचा आवाज येत नाही.

या प्रकारच्या गद्याचे मूल्यमापन करताना भाषेचा साधेपणा ही पुरेशी कसोटी नव्हे. साधे वाक्य जसे अर्थ उघडा करते, तसेच कर्त्याला झाकूही शकते. नव्या उत्पादनाची वार्ता असो वा कामाच्या नव्या रीतीची हकीकत, तीमधील प्रत्येक ‘आम्ही’च्या जागी प्रत्यक्ष माणसे ठेवून वाक्य टिकते की नाही, हे पाहिले पाहिजे. ‘शेप अप’मधील चौघांचे मेज या परीक्षेत टिकते, ‘रिवर्क’मधील कित्येक सुंदर वाक्ये टिकत नाहीत.