एका अणूचे दोन अर्थ

कर्करोगाची गाठ दाखवणारा आणि तिच्यावर घावही घालणारा कण घडवायचा, तर सहसा बेरीज केली जाते. गाभा सोन्याचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा, त्यावर चकाकणारे रंगद्रव्य, पोटात औषध, अंगावर गाठ ओळखणारी प्रतिपिंडे. कागदावर हे देखणे दिसते. पण थरावर थर चढले की कण फुगतो, यकृतात आणि प्लीहेत अडकून पडतो आणि प्रत्येक खेप अगदी सारखी बनवणे अवघड होऊन बसते. फ्रान्समध्ये ल्यों इथे ऑलिव्हिए तिलमाँ यांच्या गटाने घडवलेला ‘अ‍ॅग्विक्स’ मला आवडतो, तो या बेरजेच्या वाटेला जात नाही म्हणून. त्यात वेगळे औषध नाही, रंगद्रव्य नाही. आहे ते गॅडोलिनियम. एका शब्दातून दोन अर्थ निघावेत, तसा श्लेष इथे एका अणूने साधला आहे.

पहिला अर्थ चित्राचा. गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, सातही एकाच दिशेने फिरणारे. त्यांच्या चुंबकत्वामुळे आसपासच्या पाण्यातले प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीला येतात आणि एमआरआयच्या चित्रात ती जागा उजळते. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केलेल्यांच्या शिरेत हेच मूलद्रव्य गेलेले असते. दुसरा अर्थ त्याच अणूच्या आतल्या कवचांतला. अणुक्रमांक ६४, म्हणजे अणू भारी. क्ष-किरण आतला इलेक्ट्रॉन उडवतात, रिकामी जागा भरायला वरचे इलेक्ट्रॉन खाली येतात आणि त्या घसरणीत मोकळ्या झालेल्या ऊर्जेने आणखी इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. ते फार दूर जात नाहीत. जे नुकसान करायचे ते कणाच्या अगदी जवळच करतात. बाहेरून दिलेला किरणांचा डोस तोच राहतो, गाठीत मात्र त्याचा मारा वाढतो.

या कणाची घडण तर पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. सुरुवात गॅडोलिनियम ऑक्साइडच्या गाभ्यापासून होते. त्यावर पॉलिसिलोक्सेनचे कवच आणि कवचावर डोटा नावाचे, धातूला घट्ट धरून ठेवणारे रेणू. हा कण पाण्यात सोडला की गाभाच विरघळू लागतो. सुटलेले आयन बाहेर निघतात आणि वाटेतच डोटाच्या पकडीत सापडतात. गाभा गेल्यावर पोकळ कवच कोसळते, त्याचे तुकडे होतात, आणि उरतात ते जेमतेम ५ नॅनोमीटरच्या आसपासचे कण, प्रत्येकावर दहाएक गॅडोलिनियम. मोकळे गॅडोलिनियम विषारी असते. इथे ते मोकळे होते तेच पकडले जाण्यासाठी. इतक्या लहान आकारामुळे मूत्रपिंडे कण गाळून बाहेर टाकू शकतात. तरीही नेहमीच्या कॉन्ट्रास्टच्या रेणूपेक्षा तो मोठा आणि ताठ असल्याने सावकाश गिरक्या घेतो, म्हणून प्रत्येक अणूमागे उजेडही जास्त पाडतो. गाठीतल्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून आत शिरल्यावर तो तिथे अधिक काळ टिकतो.

ग्रनोबल इथल्या विद्यापीठ रुग्णालयात कामिय व्हेरी आणि सहकाऱ्यांनी मेंदूत अनेक दुय्यम गाठी असलेल्या १५ रुग्णांना हा कण दिला. शरीराच्या वजनानुसार किलोमागे १५ मिलिग्रॅमपासून १०० मिलिग्रॅमपर्यंत पाच पायऱ्या, पायरीमागे तीन रुग्ण. सोबत संपूर्ण मेंदूला किरणोपचार, दहा बैठकांत मिळून ३० ग्रे. एमआरआयमध्ये गाठी उजळल्या, निरोगी मेंदू तसाच राहिला. वरच्या डोसमध्ये तर आठवड्यानंतरही गाठींत कणाचा माग लागत होता. या कणाचे खरे सौंदर्य मला इथे दिसते. रंगद्रव्य आणि औषध वेगवेगळे असले की ते शरीरात एकमेकांपासून सुटू शकतात; मग चित्रात रंगद्रव्य दिसते, औषध कुठे गेले हे कळत नाही. इथे जे उजळते तेच मारा करते. कोणत्या गाठीत किती पोहोचले, हे डॉक्टरला किरण सोडण्याआधीच मोजता येते.

मूल्यमापन करता आलेल्या १४ पैकी १३ रुग्णांत गाठी आटोक्यात राहिल्या किंवा लहान झाल्या. मला ही नोंद आशेची वाटते, पण त्यापुढे जाऊन काही म्हणणे रुग्णांवर अन्याय करणारे होईल. चाचणी सुरक्षितता पाहण्यासाठी होती, तुलनेचा गट नव्हता आणि किरणोपचार सगळ्यांनाच मिळाला होता. यश कणाचे किती आणि किरणांचे किती, हे तुलनेच्या चाचण्याच ठरवतील. घडणीपुरते बोलायचे, तर दोन्ही कामे करणाऱ्या नॅनोकणांत इतकी काटकसरीची आणि इतकी नेमकी रचना माझ्या पाहण्यात दुसरी नाही. या रुग्णांच्या एमआरआयवरचा निबंध २०२० मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला आणि तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. भाषा तांत्रिक आहे. निदान त्यातली चित्रे तरी सावकाश पाहा.