प्रसिद्धीचा अधिकार

अमेरिकन नटी ब्रूक शील्ड्स हिचें ‘डाऊन केम द रेन’ हें आत्मकथन २००५ सालीं प्रसिद्ध झालें. प्रसूतीनंतर जडलेली विषण्णता, तान्ह्या मुलीविषयीं माया न वाटल्याची लाज, आणि औषधोपचारानें पडलेला उतार, हें सर्व तिनें त्यांत आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. त्याच वर्षीं सायंटॉलॉजीपंथी नट टॉम क्रूझ यानें दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत तिच्या औषधाचा निषेध केला, मानसोपचारास खोटें शास्त्र ठरविलें, आणि व्यायाम व जीवनसत्त्वें यांचा मार्ग दाखविला.

मेंदूंतील रसायनांच्या असमतोलाची उपपत्ति वादग्रस्त आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु उपपत्ति लंगडी ठरली म्हणून औषधाचा गुण खोटा ठरत नाहीं. त्याचा निवाडा रोग्यांवरील अनुभवानें व पुराव्यानें व्हावयाचा. नटाच्या शब्दास वजन येतें तें केवळ त्याच्या ओळखीच्या मुद्रेमुळें. आणि त्याचा भार पडतो आधींच लाजेनें खचलेल्या बाळंतिणीवर. अशी स्त्री दुखणें लपविते, चालू असलेलें औषधहि टाकते. क्रूझनें २००६ सालीं शील्ड्सची समक्ष क्षमा मागितली, हें त्यास भूषणावहच. पण निषेध ऐकिला होता लाखोंनीं. शील्ड्सनें मात्र स्वतः भोगलें तेवढेंच सांगितलें; म्हणूनच तिचा शब्द आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो.