जलसा : रूपबंध आणि त्याची किंमत

आंबेडकरी जलशाची नोंद मराठी समीक्षेने बहुधा ‘प्रचारवाङ्मय’ या सदराखाली घेतली आणि त्याच्या रूपबंधाचा प्रश्न तेथेच मिटविला. वस्तुतः जलशाचे वैचारिक कार्य रूपबंधातच घडते. 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या जलशांनी तमाशाचा गण, गौळण, वग हा क्रम हाताशी घेतला. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी तो आणखी पालटला. गणातील स्तवनाचा विषय बदलला, शृंगारिक गौळण गळाली, राजाराणीच्या कथेच्या जागी सावकारी, शिक्षण आणि अस्पृश्यता आली. सोंगाड्याचा विनोद मात्र टिकला. कारण गावाचा कान त्याला सरावलेला होता. ज्यांच्याकडून करमणूक हे जातीचे काम म्हणून अपेक्षिले जाई, तेच आता त्या विनोदातून गावाला जाब विचारू लागले.

परंतु या शुद्धीकरणाला किंमत होती. शृंगाराबरोबर तमाशातील स्त्री कलावंतही या मंचाबाहेर राहिली. तिचे श्रमही जातिव्यवस्थेनेच नेमलेले होते. तरी तिच्या मुक्तीची भाषा जलशाला गवसली नाही. जलशाला निव्वळ प्रचार ठरविणे जितके अपुरे, तितकेच ही उणीव झाकणारे त्याचे गौरवीकरणही अपुरे होय.