किरण-चाचणीची रांग आणि गरज

अवकाशात वेगाने जाणारा एखादाच जड आयन उपग्रहातील चिपमध्ये शिरला, तर त्याच्या मार्गावर विद्युतभार मोकळा होतो. त्यामुळे स्मृतीतील ० चा १ होऊ शकतो. क्वचित चिप जळूनही जाते. म्हणून उड्डाणापूर्वी चिपवर त्वरकातील आयनांचा झोत सोडून पाहतात. अमेरिकेतील अशा चाचणी-सोयींचा आढावा तेथील राष्ट्रीय अकादमींनी २०१८ साली ‘टेस्टिंग ॲट द स्पीड ऑफ लाइट’ या अहवालात घेतला. शिक्षकांनी तो जरूर चाळावा, कारण ‘गरज मोजायची कशी?’ हा प्रश्न त्यातून समोर येतो.

अहवालाचे निदान अचूक आहे. जड आयनांसाठी मुख्य भिस्त बर्कली, टेक्सास ए अँड एम विद्यापीठ व ब्रुकहेवन या तीन ठिकाणांवर आहे. पहिल्या दोन ठिकाणचे सायक्लोट्रॉन मुळात अणुकेंद्राच्या संशोधनासाठी उभारलेले. बर्कलीचा तर १९६० च्या दशकाच्या आरंभीचा. ब्रुकहेवनची सोय २००३ साली मुख्यतः सजीवांवरील परिणाम अभ्यासण्यासाठी सुरू झाली. म्हणजे चिप घेऊन येणारा सगळीकडे पाहुणाच! प्रोटॉनचा झोत देणारे इंडियाना विद्यापीठाचे केंद्र २०१४ साली बंद झाल्यावर अनेकांना कर्करोगावर प्रोटॉन-उपचार करणाऱ्या केंद्रांकडे वळावे लागले. तेथे रुग्ण आधी, हे योग्यच. चाचणीला उरते ती रात्र किंवा सुट्टीचा दिवस.

तीन सरकारी खात्यांनी समन्वय मंडळ नेमून गरज निश्चित करावी, ही शिफारसही रास्त आहे. मात्र ती मोजण्याची रीत अहवालात पुरेशी उलगडत नाही, हा आमचा आक्षेप. सर्वसाधारणपणे मागितलेले तास हेच गरजेचे माप धरले जाते. परंतु रेशनच्या दुकानापुढची रांग मोजून गावाची भूक कळत नाही. परत गेलेला माणूस रांगेत दिसत नाही. खर्च न परवडल्याने चाचणीविनाच छोटा उपग्रह सोडणारा विद्यार्थीगट तासांच्या हिशेबात कोठे येतो?

शिवाय सर्व तास सारखे नसतात. दर न्यूक्लिऑनला १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असलेला झेनॉन आयन सिलिकॉनमध्ये जेमतेम कागदाच्या जाडीइतका, सुमारे ०.१ मिलिमीटर, शिरतो. आजच्या अनेक चिप उलट्या बसवलेल्या असतात. त्यांच्या संवेदनशील थरापर्यंत पोचायला ०.७ मिलिमीटरपर्यंत सिलिकॉन ओलांडावे लागते. मग चिप मागून घासून पातळ करतात. त्यात काही निकामी होतात. एकावर एक रचलेल्या स्मृती-चिपांना हा उपाय फारसा चालत नाही. अशा वापरकर्त्याला कमी ऊर्जेचे शंभर तास देऊन काय साधणार? अधिक ऊर्जेची निकड अहवाल नोंदवतो. पण तास आणि खोली यांचे एकत्रित कोष्टक हवे होते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८ पासून असलेला पेलेट्रॉन अणुकेंद्र संशोधनासाठीच उभारला गेला. त्याच्या आयनांची पोचही मर्यादित आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेचा वापर नोंदवहीतील सह्यांवरून ठरवला जातो, तेव्हा हीच चूक होते. कोण आले याबरोबर कोण येऊ शकले नाही आणि आलेल्याचे काम झाले का, हेही विचारायला हवे.