बंद पाकीट, उघडा डाव

समीक्षा म्हटली की ती ग्रंथाची, नाटकाची किंवा फार तर चित्रपटाची, अशी आपली रूढ समजूत आहे. खेळाचा वृत्तान्त लिहितात, समीक्षा कोणी करीत नाही. वस्तुतः खेळ हीसुद्धा एक रचनाच आहे. तिला रचनाकार असतो, नियमांची बांधणी असते आणि त्या बांधणीतून मनुष्यजीवनाविषयीचे एक मत व्यक्त होत असते. बुद्धिबळ दैवाला पटावर पाऊलही ठेवू देत नाही. मोक्षपटाने पापपुण्याचा सारा हिशेब कवड्यांवर सोपविला. या दोन टोकांच्या मध्ये दैव आणि प्रयत्न यांची वाटणी जो खेळ ज्या प्रमाणात करतो, तीच त्याची जीवनदृष्टी होय. अशाच एका आधुनिक पत्त्यांच्या खेळाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय या पानांना नवा आहे. तथापि प्रश्न जुनाच आहे.

'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रिचर्ड गार्फील्ड हे त्याचे रचनाकार गणिताचे डॉक्टरेट मिळविलेले अभ्यासक. आपल्या परिचयाच्या मेंढीकोट, पाच-तीन-दोन किंवा रमी या खेळांत कॅट सर्वांचा सामाईक असतो. गार्फील्ड यांनी ही सामाईकता मोडली. येथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट आपणच रचून आणतो. आजवर निघालेली निरनिराळी पाने कित्येक हजार आहेत. कोणतेही पान म्हणजे एखादा प्राणी, मंत्र अथवा शस्त्र. आणि ते खेळण्यासाठी लागणारी शक्ती 'जमीन' नावाच्या पानांतून मिळते. पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा असे पाच रंग आहेत आणि ज्या रंगाचे पान, त्या रंगाची जमीन हाताशी असावी लागते. दोघेही वीस गुणांनी आरंभ करतात. ज्याचे गुण शून्यावर येतील तो हरला.

या खेळाच्या नेहमीच्या स्पर्धेत किमान साठ पानांचा कॅट घरून बांधून न्यावयाचा असतो. साहजिकच ज्याची ऐपत मोठी, त्याला उत्तमोत्तम पाने विकत घेता येतात. बुद्धी लागतेच, पण तिच्या पाठीशी पैसाही उभा असतो. याला अपवाद म्हणून एक वेगळा प्रकार रूढ आहे. त्याला 'सील्ड' म्हणतात. प्रवेशमूल्य भरल्यावर प्रत्येकाला सहा बंद पाकिटे मिळतात. ती तेथेच फोडावयाची, त्यांत निघालेल्या ऐंशीच्या आसपास पानांतून तासाभरात किमान चाळीस पानांचा कॅट जुळवावयाचा आणि त्यावरच दिवसभर खेळावयाचे. साध्या जमिनी मात्र लागतील तितक्या मोफत मिळतात. घरची पाने चालत नाहीत.

आमच्या हैदराबादेत अशी एक छोटी स्पर्धा झाली, तीत नातवाच्या आग्रहावरून आम्हीही बसलो. उपस्थितांत आमच्या वयाचे दुसरे कोणी नव्हते. आमच्या पाकिटांतून एक देखणा लाल ड्रॅगन निघाला. पण त्याच्या जोडीला उपयोगाची लाल पाने तीन-चारच होती. उलट हिरव्या व पांढऱ्या रंगांत साधी, कामसू पाने भरपूर होती. आम्ही ड्रॅगन बाजूला ठेवला आणि सतरा जमिनी व तेवीस साधी पाने घेऊन बसलो. शेजारच्या तरुणाला तीन निरनिराळ्या रंगांची तीन प्रभावी पाने मिळाली होती. त्याने तिन्ही घेतली. परिणामी पान हातात आहे, पण त्या रंगाची जमीन नाही, अशी त्याची अवस्था प्रत्येक डावात होऊ लागली. आम्ही चार फेऱ्यांपैकी दोन जिंकलो, दोन हरलो. एका पराभवात जमिनीच आल्या नाहीत. त्यास कोणाचा इलाज नव्हता. स्पर्धा स्विस पद्धतीची असल्याने हरलेला हरलेल्याशी खेळतो, कोणी बाद होत नाही आणि दुर्दैवी माणूसही शेवटपर्यंत पटावर राहतो. ही व्यवस्था आम्हांला विशेष आवडली.

या अनुभवावरून रचनेचे विश्लेषण असे करता येईल. दैव येथे तीनदा येते : पाकीट फोडताना, पाने पिसताना आणि प्रतिस्पर्धी नेमला जाताना. प्रयत्नही तितक्याच वेळा त्याला उत्तर देतो. पहिले उत्तर निवडीचे. ऐंशीतून तेवीस ठेवावयाची म्हणजे सत्तावन्न टाकावयाची. कौशल्य घेण्यात कमी व टाकण्यात अधिक आहे. दुसरे उत्तर प्रमाणाचे, म्हणजे जमिनी किती व कोणत्या रंगाच्या घ्यावयाच्या याचे. तिसरे उत्तर प्रत्यक्ष खेळातले. हाती आलेली सात पाने अगदीच निरुपयोगी असतील तर ती परत करून नवी सात उचलता येतात. मात्र त्यांतील एक पान कॅटच्या तळाशी ठेवावे लागते. दैवाविरुद्ध अपील आहे, पण त्याची फी भरावी लागते. नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता, असे हा नियम वाचून वाटते.

मग हा जुगार म्हणावा काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्याच परिसरातील एक प्रकरण उपयोगी पडते. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळणाऱ्यांवर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ साली निर्णय लागला. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे यास कौशल्य लागते, म्हणून रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ होय, असे न्यायालयाने ठरविले. तीन पत्तीसारख्या निव्वळ नशिबाच्या खेळांपासून तिला वेगळे काढले. ही कसोटी लावली तर 'सील्ड' निःसंशय कौशल्याच्या बाजूला जातो. तथापि त्याच निर्णयात आणखी एक सूचना होती : पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा वा क्लबाचा मालक नफा काढीत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. म्हणजे खेळणाऱ्याइतकेच खेळविणाऱ्याकडेही पाहावयास हवे. या मुद्द्याकडे आम्ही पुढे येऊ.

तत्पूर्वी समानतेचा विचार करू. डुप्लिकेट ब्रिजमध्ये एकाच वाटणीची पाने सर्व टेबलांवर फिरतात. तीच पाने घेऊन कोणी किती चांगले खेळले याची तुलना होते. दैवाचा वाटा जवळपास पुसून टाकला जातो. 'सील्ड'मध्ये असे होत नाही. एकाला सोने मिळते, दुसऱ्याला पितळ. तरीही आम्ही त्यास न्याय्य म्हणतो, कारण पाकीट फुटेपर्यंत सर्वांचे अज्ञान समान असते. शासकीय सेवेत असताना भूखंडांच्या सोडती आम्ही पाहिल्या आहेत. सोडत शहाणी नसते. गरजवंत कोण हे तिला कळत नाही. तरी लोक तिच्यावर विश्वास ठेवतात, कारण तिच्यात कोणाचा वशिला चालत नाही. 'सील्ड'ची समानता या जातीची आहे. ब्रिज सर्वांस सारखे देतो. हा खेळ सारखे देत नाही, पण पक्षपातही करीत नाही. आयुष्य या दोहोंपैकी कशासारखे अधिक आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रकारात एक ओळखीची गोष्ट दिसेल. ती म्हणजे समस्यापूर्ती. कवीला चरण दुसऱ्याने द्यावयाचा, तो अवघड किंवा विसंगतही असावयाचा आणि कवीने उरलेले चरण असे रचावयाचे की दिलेला चरण त्या श्लोकातच जन्मला असे वाटावे. तेथे सामग्री आपली नसते, रचना आपली असते. 'सील्ड'चा खेळाडू हेच करतो. घरून बांधून आणलेला कॅट म्हणजे पाठ करून आणलेले भाषण. सहा पाकिटांतून उभा केलेला कॅट म्हणजे शीघ्रकाव्य. पहिल्यात सफाई अधिक असेल, पण माणसाची पारख दुसऱ्यातच होते. आमचा ड्रॅगन बाजूला राहिला तो याच न्यायाने. सुंदर ओळ कवितेत बसत नसेल तर ती गाळावी, हे प्रत्येक लेखकाला कळते. वळते फार थोड्यांना.

आता दोषाकडे. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. नलाने राज्य फाशांवर घालविले आणि पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकल्यावरच तो सावरला. या कथांत पण पटावर लावला जातो. आमच्या स्पर्धेत पटावर काहीही लावले नव्हते. पण पाकिटाच्या खरेदीतच लहानसा पण दडलेला असतो. बहुतेक पाकिटांत साधीच पाने असतात, क्वचित एखादे मोठ्या किमतीचे. १९९३ च्या पहिल्या संचातील 'ब्लॅक लोटस'चे एक पान जानेवारी २०२१ मध्ये पाच लाख अकरा हजार शंभर डॉलरला लिलावात गेले. असे आकडे मुलांच्या कानांवर पडल्यावर पाकीट हे खेळाचे साधन राहत नाही, सोडतीचे तिकीट होते. स्पर्धा संपल्यावर कित्येक मुले गल्ल्याकडे वळली आणि त्यांनी आणखी पाकिटे घेतली. त्यांना खेळावयाचे नव्हते, फोडावयाचे होते. म्हणून आमचे मत असे की येथे जुगार पटावर नाही, गल्ल्यावर आहे. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ साली संगणकीय खेळांतील विकतच्या यदृच्छा-पेट्यांना जुगार ठरविले. कागदी पाकीट त्या पेटीहून वेगळे आहे. ते हाती येते, विकता येते. पण फोडतानाची धडधड तीच.

याचा अर्थ हा प्रकार टाकून द्यावा असा नाही. मिळेल त्यात रचना करण्याची शिकवण पटावर आणि आणखी मिळविण्याची हाव गल्ल्यावर, असे दोन परस्परविरोधी संस्कार एकाच दुपारी होतात. त्यांना वेगळे करता आले पाहिजे. खेळाडूंनीच त्याची वाट काढली आहे. काही मंडळी मिळून सुमारे तीनशे साठ किंवा त्याहून अधिक निवडक पानांचा एक कायमचा संच जमवितात. त्याला 'क्यूब' म्हणतात. दर वेळी तो संच पिसून त्यातूनच यदृच्छेने गठ्ठे करावयाचे, कॅट बांधावयाचे, खेळावयाचे आणि शेवटी सारी पाने पुन्हा संचात ठेवावयाची. अनिश्चितता कायम राहते, कौशल्यही कायम राहते. गल्ला तेवढा गळून पडतो. पान कोणाच्या मालकीचे झाले हा प्रश्नच उरत नाही.

आपल्यासारख्या दूरच्या गावी स्थायिक झालेल्या मराठी समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या पूर्वजांनी वाचनालये काढली ती याच विचाराने. पुस्तक एकदा घ्यावयाचे आणि शंभरांनी वाचावयाचे. एखाद्या संस्थेने मुलांसाठी असा एक संच ठेवला, तर सुटीतील दुपारी दैव आणि प्रयत्न यांचा हा जुना वाद ती स्वतःच्या हातांनी सोडवून पाहतील, आणि तेही कोणाचा खिसा न मोजता.