१,०७४ की ४१? एका गाजलेल्या पेपरमधले आकडे वाचताना

मोबाइल ॲपच्या सुरक्षा-चाचणीवर संशोधन करायचं ठरवलंत, की कोणी ना कोणी तुम्हाला २०१२चा एक पेपर वाचायला सांगणारच: ‘व्हाय ईव्ह अँड मॅलरी लव्ह अँड्रॉइड’. जर्मनीतल्या हॅनोव्हर आणि मारबुर्ग इथल्या विद्यापीठांतले साशा फाल, मॅथ्यू स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो एसीएमच्या सीसीएस परिषदेत मांडला. (ईव्ह आणि मॅलरी ही क्रिप्टोग्राफीतली ठरलेली नावं. ईव्ह चोरून ऐकते, मॅलरी मध्ये घुसून ढवळाढवळ करते.)

हा पेपर एका वाक्यात उरकायचा मोह फार होतो: “८ टक्के अँड्रॉइड ॲप्स असुरक्षित असल्याचं आढळलं.” तुमच्या साहित्य-आढाव्यात हे वाक्य लिहायच्या आधी थांबा. पेपर असं म्हणतच नाही. तो काय म्हणतो, कुठे भक्कम आहे आणि कुठे कमी पडतो, ते आज बघू.

आधी प्रश्न काय होता

ॲप जेव्हा बँकेच्या सर्व्हरशी बोलतं, तेव्हा समोरचा सर्व्हर खरंच बँकेचा आहे ना, हे त्याने तपासायचं असतं. या तपासणीचे दोन भाग. दारात मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र आपण कसं बघतो? एक, त्यावरचा सही-शिक्का खरा आहे का. दोन, कार्डावरचं नाव त्याचंच आहे का. एसएसएल/टीएलएसमध्ये तसंच आहे. सर्टिफिकेटवर विश्वासार्ह संस्थेची सही आहे का, आणि त्यातलं नाव आपण गाठलेल्या सर्व्हरच्या नावाशी जुळतं का.

अँड्रॉइड हे काम स्वतः नीट करतं. पण डेव्हलपरला ही तपासणी बदलण्याची मुभा असते, आणि तिथेच घोळ होतो. तपासणीचं फंक्शन रिकामं ठेवलं, की कुठलंही सर्टिफिकेट चालून जातं. मग त्याच वायफायवर बसलेल्या हल्लेखोराला मध्ये शिरून पासवर्ड वाचता येतो.

आकडे कसे आले

संशोधकांनी गूगल प्लेवरची १३,५०० लोकप्रिय, मोफत ॲप्स घेतली आणि मॅलोड्रॉइड नावाचं आपलं साधन त्यांच्या कोडवरून फिरवलं. ॲप चालवायचं नाही, फक्त कोड वाचायचा. याला स्टॅटिक विश्लेषण म्हणतात. त्यात १,०७४ ॲप्समध्ये, म्हणजे ८ टक्क्यांमध्ये, धोकादायक वाटणारा कोड मिळाला. ७९० ॲप्समध्ये कुठलंही सर्टिफिकेट स्वीकारणारा, २८४ मध्ये कुठलंही नाव स्वीकारणारा.

मग त्यांनी १०० ॲप्स निवडली, फोनवर चालवली आणि प्रत्यक्ष हल्ला करून पाहिला. ४१ ॲप्सवर तो यशस्वी झाला.

म्हणजे एकाच पेपरात दोन वेगवेगळ्या जातीचे आकडे आहेत. १,०७४ हा संशय आहे, ४१ हा पुरावा. लेखक स्वतः पहिल्याला ‘संभाव्य’ असं विशेषण लावतात. आपण उद्धृत करताना नेमका तोच शब्द गळतो.

चाळणी म्हणजे निकाल नव्हे

धोकादायक कोड ॲपमध्ये असणं आणि तो चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी. तो कोड एखाद्या लायब्ररीबरोबर आलेला असेल आणि कधीच चालत नसेल. किंवा चालत असेल, पण फक्त एखादं चित्र उतरवायला, लॉगिनसाठी नाही. उलट बाजूही आहे. कोड चालू असताना बाहेरून उतरवला जात असेल, किंवा नेटिव्ह लायब्ररीत दडलेला असेल, तर अशी चाळणी त्याला पकडणार नाही. म्हणून ८ टक्के हा आकडा ‘किमान इतके’ असंही सांगत नाही आणि ‘जास्तीत जास्त इतके’ असंही नाही. चाळणीत काय अडकलं एवढंच तो सांगतो. शिवाय जी ॲप्स एसएसएल वापरतच नाहीत, तीही त्या १३,५०० मध्ये मोजलेली आहेत. छेद बदला, टक्केवारी बदलेल.

आता दुसरा सापळा. शंभरातली ४१, म्हणून १,०७४ पैकी साधारण ४४० असा त्रैराशिकाचा हिशोब कराल, तर फसाल. ती शंभर ॲप्स चिठ्ठ्या टाकून काढलेली नव्हती. वित्त, संवाद, सोशल अशा खाजगी माहिती हाताळणाऱ्या गटांतून, डाउनलोड बघून ती हाताने वेचलेली होती. लेखकांचा हेतू रास्त होता: जिथे नुकसान मोठं, तिथे आधी बघा. पण त्यामुळे ४१ चा आकडा त्या शंभरांपलीकडे नेता येत नाही. माझी या पेपराबद्दलची मुख्य तक्रार हीच. त्याच १,०७४ मधून आणखी पन्नास ॲप्स चिठ्ठ्या टाकून तपासली असती, तर चाळणीची विश्वासार्हता अंदाजे तरी मोजता आली असती. तसंच, चाळणीने ‘स्वच्छ’ ठरवलेल्या ॲप्सपैकी किती खरोखर स्वच्छ होती, हे या आकड्यांवरून कळत नाही.

तिसरा आकडा सगळ्यात चमकदार आहे: त्या ४१ ॲप्सचे वापरकर्ते मिळून ३.९५ कोटी ते १८.५ कोटी. एवढा रुंद पट्टा का? प्ले स्टोअर नेमकी संख्या देत नव्हतं, ‘इतके ते इतके’ असे टप्पे देत होतं. त्यांची बेरीज केली की पट्टा फुगतो. त्यात एकाच फोनवरची तीन ॲप्स तीनदा मोजली जातात. आणि हल्ला होण्यासाठी कोणीतरी मध्ये बसलेलं असावं लागतं. तेव्हा ही ‘बळी पडलेल्यांची’ संख्या नव्हे.

तरीही हा पेपर चांगला का

कारण तो संशयावर थांबला नाही. हल्ल्याची मांडणी बघा. ॲप कुठलंही सर्टिफिकेट स्वीकारतं असा संशय असेल, तर मधल्या प्रॉक्सीवर स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट ठेवलं. ॲप नाव तपासत नाही असा संशय असेल, तर सर्टिफिकेट खऱ्या संस्थेचं, पण भलत्याच नावाचं. प्रत्येक संशयाला त्याची नेमकी चाचणी.

नवख्या प्रकल्पांमध्ये नेमकं इथेच पाणी मुरतं. प्रॉक्सीचं सर्टिफिकेट आधी फोनमध्ये ‘विश्वासार्ह’ म्हणून बसवायचं, मग ॲपची रहदारी वाचता आली की “ॲप असुरक्षित” असं लिहायचं. अहो, त्या फोनला तुम्हीच सांगितलं होतं की हा शिक्का खरा माना! नीट लिहिलेलं ॲपसुद्धा तो मानणारच. त्यातून फार तर इतकंच सिद्ध होतं, की ॲपमध्ये सर्टिफिकेट पिनिंग नाही. अँड्रॉइड ७.० पासून (२०१६) नव्या आवृत्तीला लक्ष्य करणारी ॲप्स असं वापरकर्त्याने बसवलेलं सर्टिफिकेट आपोआप मानत नाहीत. त्यामुळे हाच प्रयोग जुन्या आणि नव्या फोनवर वेगळा निकाल देऊ शकतो. तुमच्या अहवालात फोनची आवृत्ती आणि प्रॉक्सीची मांडणी नसेल, तर निकालाला अर्थ नाही.

दुसरं कारण: २०१३ मध्ये याच गटाच्या पुढच्या पेपरात त्यांनी डेव्हलपरांनाच विचारलं, असं का केलंत? उत्तरं साधी होती. चाचणीच्या सर्व्हरवर घरगुती सर्टिफिकेट, त्यामुळे येणारी एरर, नेटवर सापडलेला कोड चिकटवला, एरर गेली, आणि तो कोड तसाच बाजारात. म्हणजे दोष एका आळशी माणसाचा नव्हता, सोयीच्या अभावाचा होता. अँड्रॉइड ७.० मध्ये त्याच दिशेची सोय आली: चाचणीपुरता विश्वास एका कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहा, तो प्रकाशित ॲपला लागूच होत नाही. नुसता ‘८ टक्के’ मोजून थांबलं असतं, तर ‘का’ कळलं नसतं.

हाच डोळा दुसरीकडे लावून बघा

२०१४ च्या फ्लोड्रॉइड पेपरात ९३ टक्के रिकॉल आणि ८६ टक्के प्रिसिजन असे आकडे आहेत. ते ड्रॉइडबेंच या चाचणी-संचावरचे आहेत, आणि तो संच त्याच लेखकांनी तयार केला होता. यात लबाडी नाही. तसा संच तेव्हा नव्हता, आणि त्यांनी तो सगळ्यांना खुला केला. पण फूटपट्टी बनवणारा आणि मोजला जाणारा एकच असेल, तर दुसऱ्या कोणीतरी पुन्हा मोजायला हवं. २०१८ मध्ये पाउक, बोडेन आणि वेरहाइम यांनी फ्लोड्रॉइडसह सहा साधनं एकाच मापाने तपासली. एकूण चित्र बरं होतं, तरी चार साधनांनी काही आश्वासनं पाळली नव्हती. यातले बोडेन हे फ्लोड्रॉइडच्याच लेखकांपैकी एक. स्वतःचं काम पुन्हा मोजायला बसणं ही दाद देण्यासारखी गोष्ट आहे.

तेव्हा पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहा: संशय की पुरावा? नमुना कोणी आणि कसा निवडला? छेदात काय आहे? ‘सुरक्षित’ ठरलेल्यांची तपासणी झाली का? हा किस काढणं वाटेल, पण उद्या तुमच्या यादीत एखाद्या चार माणसांच्या कंपनीचं ॲप ‘असुरक्षित’ म्हणून छापलं जाईल, किंवा बँकेचं एखादं ॲप ‘सुरक्षित’ म्हणून सुटेल. पहिल्यात कोणाची तरी रोजीरोटी आहे, दुसऱ्यात कोणाचे तरी पैसे.

आणि ते आढाव्यातलं वाक्य? असं लिहा: “१३,५०० मोफत ॲप्सपैकी १,०७४ मध्ये संभाव्य धोकादायक कोड आढळला; हाताने निवडलेल्या १०० पैकी ४१ वर हल्ला प्रत्यक्ष यशस्वी झाला.” थोडं लांब आहे, पण खरं आहे.